कानसेनांची गुणगुण

रेकॉर्ड प्लेअर बिघडला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं वाचून एखाद्याला वाटायचं, की बिचाऱ्या माणसाने दुरुस्ती करायला घेतली आणि चार गोष्टी बिनसल्या. तसं काही नव्हतं. प्लेअर अगदी ठणठणीत होता. बाईंच्या वडिलांनी तो त्यांना दिला होता आणि रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर, चहाचा कप हाताशी ठेवून, ठरलेली एक जुनी रेकॉर्ड लावून बाई उत्तरपत्रिका तपासायला बसत. गाणं चालू असलं की आपला हात जरा सैल सुटतो आणि मार्क बरे पडतात, हे त्या स्वतःच कबूल करत. म्हणजे एका अख्ख्या वर्गाचं भवितव्य त्या प्लेअरवर अवलंबून होतं.

अशा या सुखी यंत्राजवळून एका संध्याकाळी बाईंचे यजमान जात होते. ते मध्येच थबकले, मान तिरपी केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "गुणगुण येतेय."

बाईंनी कान दिला. त्यांना गाणं ऐकू आलं. कॉलेजातून आलेल्या मुलीला बोलावून ऐकवलं. तिलाही गाणंच ऐकू आलं. यजमानांनी गाणं बंद करून, सुई वर उचलून, आवाज मोठा करून पुन्हा ऐकवलं. दोघींना काहीच ऐकू आलं नाही, आणि यजमानांची खात्री पटली. आपल्याशिवाय कोणालाच ऐकू येत नाही म्हणजे गुणगुण किती बारीक असली पाहिजे आणि आपला कान किती तयार असला पाहिजे, असा त्यांनी हिशेब मांडला. या हिशेबाचं दुसरंही एक उत्तर निघू शकतं, हे त्या वेळी त्यांच्या डोक्यात आलं नाही.

यजमानांना सगळी इमारत कानसेन म्हणत असे. एकदा गच्चीवर गाण्याचा कार्यक्रम होता, तेव्हा मागच्या खुर्चीवरून उठून त्यांनी गवयाला सांगितलं होतं, की तुमचा षड्ज एका केसाने उतरलाय. गवयाने गाणं थांबवून हे कोण म्हणून विचारलं आणि कोणीतरी अंधारातून उत्तर दिलं, "आमचे कानसेन." लोक पोट धरून हसले. कानसेनांनी मात्र ते नाव पदवीसारखं स्वीकारलं आणि तेव्हापासून ते मान थोडी तिरपी ठेवूनच चालू लागले.

पोटापाण्यासाठी ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांचा दरारा होता. ते येताना दिसले की दुकानदार काट्याची पारडी पुसायला घ्यायचे. काट्यावर खात्याचा ताजा शिक्का नसेल तर कानसेन तो काटा उचलून चालू लागत, मग दुकानदार कितीही मागे धावो. "साहेब, अंदाजाने बरोबरच आहे," असं कोणी म्हटलं तर ते थंडपणे सांगत, "अंदाज हा शब्द माझ्यासमोर वापरायचा नाही." घरीसुद्धा भाजीत मीठ अंदाजाने घातलं, असं म्हणायची सोय नव्हती.

एवढं असून गुणगुणीची गोष्ट आली तेव्हा मात्र त्यांनी मापाचं नाव काढू दिलं नाही. वरच्या मजल्यावर वीजमंडळातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहत. त्यांच्याकडे लहर पाहायचं यंत्र होतं. ते जोडलं की गुणगुण आहे का नाही हे पडद्यावर रेघेने दिसलं असतं. इंजिनिअर ते यंत्र घेऊन स्वतः खाली आले. कानसेनांनी त्यांना दारातच थांबवलं. "मीटरला कान नसतात," ते म्हणाले. इंजिनिअर यंत्र काखोटीला मारून परत गेले, पण जिन्यातून ओरडून सांगून गेले, की काय असेल ते अर्थिंगमध्ये असेल. आयुष्यभर त्यांनी हेच सांगितलं होतं आणि याच्यावरच त्यांना बढत्या मिळाल्या होत्या.

मग कानसेनांना गुरू भेटले. घरच्या घरी ध्वनियंत्रं बनवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथे 'निःशब्द' या नावाने एक गृहस्थ लिहीत. नाव निःशब्द असलं तरी पानंच्या पानं लिहीत आणि कोणी शंका काढली की आणखी लिहीत. त्यांचं म्हणणं असं, की प्लेअरच्या सुईतून येणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा असतो. तो मोठा करणाऱ्या छोट्या सर्किटला वीज जराही हलता कामा नये, आणि अशी निश्चल वीज फक्त शंट रेग्युलेटरच देऊ शकतो. बाजारात मिळणारा रेग्युलेटर वापरणाऱ्या माणसाने संगीताविषयी बोलू नये, असंही त्यांनी लिहिलं होतं.

"शंट म्हणजे काय?" बाईंनी विचारलं. त्यांनी विचारायला नको होतं.

कानसेन त्यांना न्हाणीघरात घेऊन गेले. काठोकाठ भरलेल्या बादलीवर नळ पूर्ण सोडला आणि पाणी बदाबदा सांडू दिलं. "ही पातळी बघ. आता कोणी तांब्याभर पाणी काढलं, तरी पातळी तेवढीच. का? कारण नळ पूर्ण चालू आहे आणि जास्तीचं आपण सांडून टाकतोय. शंट रेग्युलेटर हेच करतो. सर्किटला लागो न लागो, वीज पूर्ण ओढायची आणि उरलेली उष्णता म्हणून टाकून द्यायची."

"म्हणजे नळ सोडून दाढी करता म्हणून मी इतकी वर्षं उगाचच बोलत होते," बाई म्हणाल्या आणि नळ बंद केला.

खरं तर हे तत्त्व कानसेनांना इतकं भावलं, यात नवल नव्हतं. काम असो नसो, पूर्ण ताकद ओढायची आणि उरलेली गरम वाफ करून सोडायची, या पद्धतीने त्यांचं खातं गेली कित्येक वर्षं स्थिर होतं. त्यांचे वरिष्ठ तर हात लावला तर चटका बसेल एवढे कार्यक्षम होते.

दुसऱ्याच दिवशी प्लेअरचं पोट उघडलं गेलं. जेवणाच्या टेबलावर तारा, ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कथिलाचे थेंब पसरले. घरचे लोक मांडीवर ताट घेऊन जेवू लागले. बाई संध्याकाळी मुकाट्याने पेपर तपासू लागल्या, आणि त्या परीक्षेत इतकी मुलं नापास झाली, की मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं.

बाई तशा सहनशील होत्या, पण एक दिवस त्यांच्या ताईचा फोन आला. प्लेअर बंद आहे हे ऐकून ताईच्या नवऱ्याने, म्हणजे कानसेनांच्या साडूंनी, फोन हातात घेतला आणि आपला जुना म्युझिक सेट देऊ केला. साडू बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि नवनवे सेट घेण्याची त्यांना हौस होती. टाकून दिलेल्या वस्तू ते नातेवाइकांत वाटत. सासूबाईंकडे त्यांचा टीव्ही होता, मेहुण्याकडे त्यांचा फ्रिज. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ज्याच्या घरी जात, तिथे ते आपल्या वस्तूवर हात ठेवून उभे राहत आणि विचारत, "काय, कसा चाललाय आमचा?" मेहुणा त्या फ्रिजमधून पाणी काढतानासुद्धा मागे वळून पाहत असे.

कानसेनांना हे माहीत होतं. साडूंचा सेट आपल्या दिवाणखान्यात येणार, त्याच्यावर साडूंचा हात येणार आणि आपण 'छान चाललाय' म्हणून उत्तर देणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना घाम फुटला.

"असल्या डब्याला मी घरात पाऊल टाकू देणार नाही," ते म्हणाले.

"नका देऊ," बाई म्हणाल्या. "ताई आणि भावोजी महिनाअखेरच्या रविवारी येणार आहेत. सेट गाडीत घालून आणतील. त्या दिवशी माझी रेकॉर्ड माझ्या प्लेअरवर वाजली, तर तो सेट गाडीतूनच परत जाईल. नाही वाजली, तर भावोजींना मी जागा दाखवेन कुठे ठेवायचा ते. मला संध्याकाळी गाणं लागतं."

बाई आवाज चढवत नसत. तीस मुलांच्या वर्गातसुद्धा नाही. त्यामुळे हे ठरलं म्हणजे ठरलं.

आता काम जोरात सुरू झालं. पहिला रेग्युलेटर कानसेनांनी तयार केला, वीज जोडली आणि एक ट्रान्झिस्टर टप्पकन फुटला. तो उलटा लावला होता. कानसेनांनी मात्र निःशब्दांना कळवलं, की आपल्याकडची वीज ओबडधोबड आहे. धुराचा वास वर गेला आणि इंजिनिअर चप्पल न घालताच खाली आले. त्यांनी पाहणी केली आणि अर्थिंग नाही, असं निदान केलं. या वेळी कानसेनांनी त्यांचं ऐकलं, आणि ही त्यांची खरी चूक झाली.

इंजिनिअरांच्या सल्ल्याने खिडकीतून तांब्याची तार खाली सोडण्यात आली आणि तिचं टोक आवारातल्या मातीत पुरण्यात आलं. माती ओली पाहिजे आणि तिच्यात मीठ पाहिजे, नाहीतर अर्थिंग धरत नाही, असं इंजिनिअर म्हणाले. कानसेन कर्तव्य म्हणून रोज सकाळी बादलीभर मिठाचं पाणी तिथे ओतू लागले. ते नेमके इमारतीच्या सेक्रेटरींच्या फुलझाडांच्या वाफ्यात ओतत होते. सेक्रेटरींना या झाडांचा भारी लळा. त्यांनी आधी पाहिलं तेव्हा हा माणूस आपल्या झाडांना पाणी घालतोय म्हणून ते गहिवरले आणि जिन्यात भेटून आभारही मानून गेले. आठवड्याभरात झाडांनी माना टाकल्या. मग सेक्रेटरींनी मातीत बोट खुपसून चाटून पाहिलं.

यानंतर जी बैठक झाली, तिच्यात कानसेनांना बाजू मांडायची संधी देण्यात आली. ती त्यांनी बादलीचा दृष्टान्त देऊन मांडली. पाणी वाया घालवण्याचा हा नवा कबुलीजबाब सेक्रेटरींनी लगेच इतिवृत्तात घ्यायला लावला. तार काढावी लागली. अर्थिंगचे जनक इंजिनिअर त्याच बैठकीत मागच्या बाकावर बसून होते आणि छताकडे पाहत होते.

घरात आणखी एक संकट उभं राहिलं होतं. निःशब्दांच्या मते, विजेची पातळी ठरवायला रेग्युलेटरमध्ये एक लहान लाल दिवा वापरायचा असतो, आणि त्या दिव्यावर बाहेरचा उजेड पडला तर पातळी थरथरते. म्हणून तो दिवा अंधारात ठेवायचा. कानसेनांनी आधी दिवाणखान्याचे पडदे ओढले. दिवसभर ओढलेल्या पडद्यांमागे लाल उजेड दिसू लागला, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या बायका बाईंकडे सहानुभूतीने पाहू लागल्या. शेवटी मुलीने सुचवलं, की खोलीऐवजी दिवाच झाकावा. कानसेनांनी लोखंडी पत्र्याची पेटी बनवून घेतली, आतून काळी रंगवली आणि फटी काळ्या चिकटपट्टीने बंद केल्या. आता आत दिवा लागलाय की नाही हे बाहेरून कोणालाही कळायची सोय उरली नाही. कानसेन यावर खूश होते.

निःशब्दांचं पुढचं म्हणणं असं, की जितकी वीज जास्त सांडाल, तितका आवाज निर्मळ. कानसेन वीज वाढवत गेले. पेटी तापू लागली. तिची उष्णता शोषायला वर ॲल्युमिनियमचे पट्टे असलेला हीटसिंक बसवला. तो पुरेना, म्हणून खिडक्यांच्या चौकटी बनवणाऱ्याकडून त्याहून मोठा आणला. तो पाहून चौकटीवाल्याने खिडकी केवढी आहे म्हणून विचारलं. शेवटी पेटीपेक्षा तिच्या डोक्यावरचा मुकुटच मोठा झाला आणि त्याला हात लावला तर हात झटकन मागे घ्यावा लागे. बाईंनी त्याच्यावर चहाचा कप ठेवून पाहिला. एक पेपर तपासून झाल्यावर उचलला तरी चहा कडकडीत. एवढ्या दिवसांत त्या पेटीने घराला दिलेलं हे पहिलं सुख होतं. मग बाई रोजच तिथे कप ठेवू लागल्या. कानसेनांना हा आपल्या विद्येचा अपमान वाटायचा, पण चहा तेही तिथूनच उचलायचे.

शेवटची अडचण ट्रान्झिस्टरची होती. निःशब्दांनी सांगितलेली जोडी परदेशातून मागवली आणि ती पार्सल कचेरीत अडकली. कानसेन अर्धी सुट्टी टाकून तिथे गेले. खिडकीमागच्या कारकुनाने पार्सल काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि मान हलवली. बाहेर लिहिलेल्या वजनापेक्षा पार्सल जड भरत होतं. तफावत असेल तर ते समितीपुढे उघडायचं, आणि समितीतले एक सभासद लांब रजेवर.

कानसेनांना चेव आला. काटे कसे खोटं बोलतात हे या कारकुनाला ते शिकवणार होते. ते खिडकीतून आत वाकले, काट्याच्या बाजूला खात्याचा शिक्का शोधला, आणि त्यांचा चेहरा उतरला. शिक्क्याची मुदत कधीच संपली होती. या भागातल्या काट्यांची पडताळणी ज्या निरीक्षकाकडे होती, ते निरीक्षक गेले कित्येक दिवस 'बाजारात फिरतीवर' म्हणून कचेरीतून बाहेर पडत आणि घरी जेवणाच्या टेबलावर कथिल वितळवत बसत. ते निरीक्षक आता खिडकीत अर्धे आत, अर्धे बाहेर असे वाकून उभे होते.

काटा खोटा म्हणावं, तर शिक्का कोणी मारायचा होता हे निघणार. खरा म्हणावं, तर पार्सल समितीकडे जाणार.

"साहेब, तुम्ही वजनमापे खात्यातले ना?" कारकून एकदम ओळखून म्हणाला. "मग तुम्हीच सांगा. आमचा काटा अंदाजाने बरोबर असतो."

मागे रांगेत एक दुकानदार उभा होता. त्याचा काटा मागच्या वर्षी कानसेनांनी भर बाजारातून उचलून नेला होता. तो पुढे सरकून ऐकू लागला. कानसेनांनी एवढी तफावत चालते, असा निर्वाळा दिला. पार्सल मिळालं. कानसेन ते छातीशी धरून खाली मान घालून बाहेर पडले, आणि तो काटा मागच्या माणसाचं पार्सल तोलू लागला. कानसेनांना त्या रात्री जेवण गेलं नाही. पण ट्रान्झिस्टर सुरेख होते, आणि सकाळपर्यंत मनाची समजूत पटली.

रविवार उजाडला. पेटी तयार होती. तिच्या पुढे एक खटका होता. एका बाजूला जुनी वीज, दुसऱ्या बाजूला नवी शंटची, दोन्ही त्याच पेटीत. खटका दाबायचा आणि फरक ऐकायचा. कानसेनांना नुसतं गाणं वाजवून दाखवायचं नव्हतं, साडूंना फरक ऐकवायचा होता. साक्षीला इंजिनिअरांना बोलावलं होतं, आणि झाडांचं प्रकरण मिटावं म्हणून सेक्रेटरींनाही.

साडू आले. सेट खाली गाडीत होता. त्यांनी दिवाणखान्यात नजर फिरवली आणि टीव्हीच्या शेजारची जागा नजरेने मोजून घेतली. "तिथे बसेल आमचा," ते ताईंना म्हणाले. मग मोबाइलची बॅटरी उतरलीय म्हणाले, टेबलामागे वाकून तो कुठेतरी लावला, आणि सगळ्यात चांगल्या खुर्चीवर जाऊन बसले. बाईंनी सगळ्यांना चहा दिला. आपला कप सवयीने पेटीवर ठेवला आणि कोपऱ्यात पेपरांचा गठ्ठा घेऊन बसल्या.

कानसेनांनी पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. प्लेअरला जोडलेल्या अँप्लिफायरचा आवाज पूर्ण वाढवला. त्याचा हिरवा दिवा ऐटीत लागलेला होता. "आधी गाणं नाही. आधी शांतता ऐकायची," ते म्हणाले. "ही जुनी वीज." आणि त्यांनी डोळे मिटले.

खोलीत कोणी हललं नाही.

"येतेय?" कानसेनांनी विचारलं.

सगळे साडूंकडे पाहू लागले. साडूंची पंचाईत झाली. आपल्या घरी नुसती वायर बदलली तरी आवाजातला फरक आपल्याला कळतो, असं ते पाहुण्यांना ऐकवत असत. त्यांनी डोळे बारीक केले. "आहे," ते म्हणाले. "बारीक आहे, पण आहे."

"अर्थिंगचीच," इंजिनिअर म्हणाले.

सेक्रेटरी मागे राहणारे नव्हते. आपल्याला तर जिन्यातच ऐकू येत होती आणि तशी तक्रारही आपण करणार होतो, असं त्यांनी सांगितलं. ताई म्हणाल्या, की त्यांना काही येत नाही. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनाही येऊ लागली.

कानसेनांचा चेहरा उजळला. इतके दिवस एकट्याने ऐकलेली ती गुणगुण आज चारचौघांनी ऐकली होती. "आणि ही आपली," ते कसेबसे म्हणाले आणि खटका दाबला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. इंजिनिअर म्हणाले, साफ गेली. सेक्रेटरी म्हणाले, अशी शांतता इमारत बांधल्यापासून ऐकली नव्हती. साडू तर उठून उभे राहिले. मनाचा मोठेपणा दाखवायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. "मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो, माझ्या नव्या सेटमध्येसुद्धा इतकी शांतता नाही."

कानसेनांना आता मरण आलं तरी चाललं असतं.

बाईंनी हातातला पेपर बाजूला ठेवला, पेटीवरचा कप उचलला आणि एक घोट घेतला. मग त्यांनी कपाकडे पाहिलं. कप खाली ठेवून त्यांनी हीटसिंकवर तळहात टेकवला आणि तसाच राहू दिला. मग त्या किंचित वाकल्या आणि टेबलामागे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "चहा गार झालाय."

"मग दुसरा कर ना," कानसेन अजून तरंगतच होते.

"तुमच्या पेटीवर ठेवलेला चहा गार झालाय."

पहिल्यांदा इंजिनिअरांना उमगलं. त्यांनी घाईने छताकडे पाहिलं. ताई टेबलामागे डोकावल्या. पेटीचा प्लग जमिनीवर पडला होता, आणि त्याच्या जागी एक चार्जर बसला होता. "हा मोबाइल तुमचाच ना हो?" त्यांनी साडूंना विचारलं. साडूंनी आधी तो कोणाचाच नाही अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं आणि मग तो खिशात घातला.

आता खोलीत जी शांतता पसरली, ती मात्र खरी होती. हसावं कोणी आणि कोणाला? ज्याला कानसेनांना हसायचं होतं, त्याला आधी आपण काय ऐकलं हे सांगावं लागलं असतं. सेक्रेटरींना एक बैठक आठवली. इंजिनिअर त्यांच्याबरोबरच, त्यांच्या आड लपत बाहेर पडले. साडू खाकरले आणि निदान सेट तरी वर आणतो, ठेवून जाऊ, म्हणाले.

कानसेन खटक्यावर बोट ठेवून तसेच उभे होते. लाजेने त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि आता काय होणार ते त्यांना कळून चुकलं. प्लेअर वाजलाच नव्हता. ठरलं म्हणजे ठरलं.

"नको भावोजी," बाई म्हणाल्या. "तुमच्या नव्या सेटमध्येसुद्धा इतकी शांतता नाही, हे आत्ता तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात. मग जुना घेऊन मी काय करू?"

साडूंनी गाडीची किल्ली चाचपली. शब्द मागे घ्यायचा, तर बंद पेटीतून गुणगुण ऐकल्याचं तोंडाने कबूल करावं लागलं असतं. सेट गाडीतूनच परत गेला. मेहुण्याला हे कळल्यावर त्याने म्हणे आपला फ्रिजही परत करायचा विचार केला, पण त्याच्याकडे पेटी नव्हती.

सगळे गेल्यावर बाईंनी पेटीचा प्लग लावला. थोड्या वेळाने हीटसिंक तापला. त्यांनी नवा चहा करून वर ठेवला, रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. गाणं लागलं. पूर्वी वाजायचं तसंच वाजत होतं. ना कमी, ना जास्त. बाईंनी डोळे मिटून पहिलं कडवं ऐकलं आणि मग लाल पेन उचललं.

कानसेन समोरच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. गाणं संपलं तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी हळूच विचारलं, "गुणगुण येतेय का गं?"

बाई उठल्या. त्यांनी पेटीचा प्लग काढला. मग अँप्लिफायरचा काढला. त्याचा हिरवा दिवा विझला. "आता?" त्यांनी विचारलं.

कानसेनांनी मान तिरपी केली. डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी अगदी प्रामाणिकपणे ऐकलं.

"येतेय," ते म्हणाले.

बाईंना हसू आलं नाही. त्यांना या माणसाची दया आली, आणि थोडी मायाही. दोन्ही प्लग पुन्हा लावून त्या पेपरांकडे परतल्या. "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ," त्या म्हणाल्या. "अख्ख्या बाजाराचे काटे तुम्ही दरवर्षी तपासायला लावता. स्वतःच्या कानावर शिक्का कधी मारून घेतलाय?"

"कानाला काय झालंय माझ्या?" कानसेन उसळून म्हणाले. "अंदाजाने चांगलाच आहे."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"कशाने?"